न थांबता कामरगाव

मे महिना होता. आमच्या बैठकीतला कूलर बंद पडलेला होता आणि अंगणात मोटारसायकलीला कूलर बसवायची बोलणी चालली होती. हे मी एका दमात सांगून टाकते, कारण मलाही ते एका दमातच पचवावं लागलं.

बैठकीतल्या कूलरचा पंप आदल्या उन्हाळ्यात जळाला. मी तसं सांगितलं तेव्हा "पाह्यतो" असं उत्तर मिळालं. आणि ते पाहत होते, याची मी साक्षीदार आहे. त्यांची खुर्ची कूलरच्या बरोबर समोर होती. वर्षभर त्यांनी त्या कूलरकडे जितकं पाहिलं, तितकं लग्नाच्या वर्षीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

ते म्हणजे माझा नवरा. तीस वर्षांच्या वर त्यांनी मंगरूळपीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. अर्धं गाव त्यांना आदराने सर म्हणतं, उरलेल्या अर्ध्याने त्यांच्या हातचा मार खाल्ला आहे, तेही सरच म्हणतं. मीही इथे सरच म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि "अवो" असं किती वेळा लिहिणार?

सर निवृत्त झाले त्या दिवशी शाळेने त्यांना शाल, नारळ आणि एक आरामखुर्ची दिली. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि खुर्चीत सर बसले. ते दीड वर्ष उठलेच नाहीत. म्हणजे जेवायला उठत, आंघोळीला उठत, पण ते उठणं खुर्चीकडे परत येण्यापुरतंच. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून तीन-चार शब्द निघत. "चहा." "हं." "लाइट गेली." ज्या माणसाच्या आवाजाने शेजारचा वर्गसुद्धा गप्प बसायचा, तो माणूस लाइट गेली एवढंच बोलायचा. तेही लाइट गेल्याचं मला दिसत असताना.

मी घरी ब्लाउज शिवते. माझी मशीन आतल्या खोलीत आणि त्यांची खुर्ची बाहेर. दुपारी टीप मारता मारता मी मध्येच पाय थांबवायची आणि कान द्यायची. बाहेरून श्वासाचा आवाज आला की पुन्हा मशीन सुरू. मला भीती वाटत होती. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणायची, बाबांना काहीतरी छंद लाव. जसा काही छंद म्हणजे फॉल-पिको आहे, कडेला धरला आणि लावून टाकला. मी तिला हो म्हणायची आणि भीतीचं काही सांगायची नाही.

आता गाडीबद्दल. गाडी बावीस वर्षांची, काळ्या रंगाची. टाकीवर सरांचे गुडघे लागतात तिथला रंग उडून पत्रा दिसतो. मुलगी लग्न करून गेली, गाडी मात्र आमच्याच गळ्यात राहिली. अलीकडे तिला एक नवीन सवय लागली होती. उन्हाची दोघांना घेऊन दहा-बारा किलोमीटर गेली की इंजिन तापायचं, आवाज फुटका व्हायचा, ओढ जायची आणि ती थांबायची. मग आम्ही एखाद्या कडुलिंबाखाली अर्धा तास बसायचो. मंगरूळपीर ते शेलूबाजार रस्त्यावरचा एकेक कडुलिंब मला तोंडपाठ होता. कोणाखाली मुंगळे आहेत आणि कोणाखाली नाहीत, हेसुद्धा.

मला ती गाडी नको होती. मला स्कूटर हवी होती, मी स्वतः चालवीन अशी. अस्तराचं कापड आणायला, गिऱ्हाइकांचे ब्लाउज पोचवायला. गेली चार वर्षं मी हे म्हणत होते. आणि गाडीला गिऱ्हाईकही तयार होतं. माझी बहीण कामरगावला दिलेली आहे. तिच्या गल्लीतला एक माणूस जुन्या मोटारसायकली घेतो, त्यांच्या मागे डवरा, म्हणजे तण काढायचं औत, जोडतो आणि सोयाबीनच्या ओळींतून डवरणीला फिरवतो. बैलजोडीपेक्षा परवडतं म्हणे, आणि बसल्या जागी चारा मागत नाही. त्याचा निरोप बहिणीने मला दिला आणि मी तो सरांना दिला. तेव्हा सर दीड वर्षातलं सर्वांत लांब वाक्य बोलले.

"माही गाडी डवऱ्याले जुंपायची नाई."

एवढं बोलून ते पुन्हा बंद कूलरकडे पाहू लागले.

मग तो मे महिना आला. शेलूबाजारच्या एका लग्नाला आम्ही निघालो आणि गाडीने आपली सवय पाळली. मी कांजीवरम नेसून मुंगळ्यांच्या कडुलिंबाखाली उभी. एक पंगत उठली असावी तेव्हा आम्ही पोचलो. परतीच्या वाटेत पुन्हा तेच. मी वाटेत जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैठकीत आले तर खुर्ची रिकामी. न्हाणीघरात पाहिलं, मागच्या दारी पाहिलं. सर अंगणात होते. गाडीसमोर उकिडवे बसले होते आणि इंजिनाच्या पाती बोटाने मोजत होते. मला पाहून म्हणाले, "अवं, हिच्यानंतरच्या गाड्यांले ऑइल कूलर येते. हिले काहून नाई लागनार?"

आणि ते बोलतच राहिले. दहा मिनिटं. मला त्यातलं काही कळलं नाही. मी चहा ठेवायला आत गेले आणि चुलीपाशी उभी राहून पदराने डोळे पुसले. मग बाहेर येऊन म्हटलं, "घरातल्या कूलरचा पंप जळला हाय, त्याचं काय?" बायकोने आपलं काम सोडू नये.

गाडीचे डॉक्टर म्हणजे दर्ग्याच्या रस्त्यावरचे एक उस्ताद. वय सरांइतकंच. गाडी नवी होती तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. उस्ताद स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ स्वतःच्या कानाला लावतात, डोळे मिटतात आणि मग निदान सांगतात. त्या दिवशीही आमच्या अंगणात येऊन त्यांनी तसंच केलं.

"सर, इंजन में कुछ खराबी नाई," ते म्हणाले. "गाडी बुढी झाली, अन् धूप तशीच जवान हाय."

"म्हनूनच कूलर लावू म्हनतो."

"लागते. पन मी आजतक कंपनीनं देल्ली नाई ते चीज कोन्या गाडीले लावली नाई."

दोघंही मग कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरले. एवढा गंभीर विचार माझ्या लग्नाच्या वेळी कोणी केला असता तर बरं झालं असतं. शेवटी उस्ताद म्हणाले, "वहिनी, चाय पिलवा. करून पाह्यतो."

ऑइल कूलर म्हणजे काय, हे सरांनी मला माझ्या मापाच्या वहीत चित्र काढून समजावलं. इंजिनातलं तापलेलं तेल एका पाइपाने बाहेर काढायचं. गाडीच्या पुढच्या बाजूला वहीच्या पानाएवढी एक जाळी बसवायची, त्या जाळीच्या नळ्यांतून तेल फिरवायचं. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जाळीतून आरपार जातो, तेल थंड होतं आणि दुसऱ्या पाइपाने परत इंजिनात जातं. वाऱ्याला त्यांनी निळे बाण काढले, तेलाला लाल. बाण काढले ते एका गिऱ्हाइकाच्या मापावर. तिची बाही किती आणि गळा किती, ते बाणांखाली गेलं. तिला पुन्हा बोलावून माप घ्यावं लागलं. "मागच्यापेक्षा जाड झाली का मी?" असं तिने घाबरून विचारलं. मी काय सांगणार, आमच्या घरी वारा सुटला आहे म्हणून?

जाळी अकोल्याच्या भंगारातून आली, कुठल्या तरी अपघातातल्या गाडीची. तिच्या पातळ पाती चेपून एकमेकींना चिकटल्या होत्या. सरांनी माझ्या डब्यातली सुई घेतली आणि ओट्यावर बसून एकेक पात सरळ करायला घेतली. चार दिवस. जेवायला हाका माराव्या लागत. डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर भिंग, आणि ओठ मिटलेले. माझ्या चांगल्यातल्या तीन सुया त्यांनी मोडल्या. ज्या माणसाने आयुष्यात शर्टाचं बटण लावलं नाही, त्याने सुईने शेकडो पाती सरळ केल्या. मी त्यांना तसं ऐकवलंही. "शर्टाचं बटन गरम होत नाई," ते म्हणाले. मला उत्तर मिळालं, याचा मला इतका आनंद झाला की चौथी सुई मी स्वतःच काढून दिली.

उस्तादांनी जाळी बसवायला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून घेतल्या. पाइप मात्र त्यांच्याकडे होते ते साधे रबरी. तेल तापलं, रबर मऊ पडलं आणि पाइप निसटून सगळं काळं तेल माझ्या रांगोळीवर. मी दारात उभी राहून पाहत होते. दोघं विद्वान एकमेकांकडे पाहत होते. रांगोळीकडे कोणी पाहत नव्हतं.

मग कळलं की शेलूबाजारला ट्रॅक्टरचे पाइप करून देणारा एक दुकानदार आहे. ट्रॉली उचलायला लागतात तसले जाड पाइप, तोंडाला लोखंडी टोपी दाबून बसवलेली. त्याने आयुष्यात एवढे आखूड पाइप केले नव्हते. "सर, हे कोनत्या ट्रॅक्टरचे?" त्याने विचारलं. सरांनी त्यालाही बाण काढून दाखवले.

या काळात आमच्या अंगणात गर्दी असायची. ज्याला घरी कोणी विचारत नाही, तो आमच्याकडे सल्ला द्यायला येई. एकाने सांगितलं, पाइप उलटे लावा. दुसरा म्हणाला, कूलर सीटखाली लावा, पावसात भिजणार नाही. तिसऱ्याने तर जाळीवर ओलं पोतं बांधायला सांगितलं, त्याच्या माठाला फरक पडतो म्हणे. सर सगळ्यांना वारा समजावून सांगायचे. वारा आरपार गेला पाहिजे, पोतं बांधलं की वारा बंद, वारा बंद की कूलर असून नसल्यासारखा. पोत्यावाला मान हलवून निघून गेला. मी हे सगळं आतून ऐकत होते, अगदी शब्दन् शब्द. हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

आणि मग पाऊस लागला. पावसात गाडी तापेना. तापत नाही म्हटल्यावर कूलर चालतो की नाही हे कळेना. सगळा जिल्हा पावसाने सुखावलेला असताना आमच्या घरी एक माणूस ऊन पडायची वाट पाहत होता. सर इंजिनावर पाण्याचे थेंब टाकून ते किती वेळात उडतात ते मोजायचे. नोंदी पुन्हा माझ्याच वहीत. खुर्चीवर आता मी अस्तराचे तागे ठेवू लागले होते. त्यांना ते लक्षातही आलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी विषय काढला. आकाश निरभ्र झालं होतं, सोयाबीनचे ढीग वाळत पडले होते आणि ऊन असं तापलं होतं की सर खुशीत होते. मी म्हटलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामरगावले जाऊ, बहिनीकडे सोनं द्यायले. तुमची गाडी न थांबता कामरगावले गेली, तर मी पुन्हा स्कूटरचं नाव काढनार नाई. अन् वाटेत थांबली, तर ती तिथंच त्या डवरेवाल्याजवळ ठेवून यायची."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "चालते."

खरं तर ती अट घालताना माझी जीभ जरा चाचरली होती. पण चार वर्षं मागितलेली स्कूटर होती, आणि पुरुषांकडून कबूल करून घ्यायची हीच वेळ असते असं मी स्वतःला सांगितलं.

दसऱ्याला घरोघरी गाड्यांची पूजा. सरांनी गाडी धुतली, पुसली, जाळीची एकेक पात पुन्हा तपासली. हार करायचं काम माझं. दरवर्षी मी बाजारातून एक आणायची, हँडलला अडकवायची आणि मोकळी व्हायची. या वर्षी मी झेंडू आणून स्वतः ओवला. का ते सांगते. मला त्या जाळीचे उपकार वाटत होते. दीड वर्ष ज्या खुर्चीतून मी माझ्या माणसाला उठवू शकले नाही, तिथून भंगारातल्या एका जाळीने त्याला उठवलं होतं. तिला मी तोंडावर काय म्हणणार? म्हणून हार.

आणि मी शिवणारी बाई. जे करायचं ते मापात. मी जाळीचं माप घेतलं, लांबी, रुंदी, दोन्ही. दुहेरी पदराचा, फूल फुलाला घट्ट लावून, मध्ये कुठे बोट शिरणार नाही असा हार केला. वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना बटणाच्या दोऱ्याने बांधला. त्याआधी ओलं हळद-कुंकू भरपूर लावलं, वर मूठभर अक्षता. ब्लाउज कधी इतका अंगासरसा बसला नसेल. सर मागून येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मस्त झाला." निवृत्तीनंतरचं पहिलं कौतुक. मी आणखी दोन फुलं खोचली.

गाडीला घातलेला हार आमच्याकडे कोणी काढत नाही. तो वाळतो, झडतो आणि आपोआप पडतो. दिवाळीपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या ट्रॅक्टरांच्या आणि जीपांच्या नाकावर वाळका झेंडू लोंबत असतो. हार काढणं म्हणजे पूजा मोडणं, हे लहानपणीच अंगात मुरलेलं असतं, शिकलेल्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमारास आम्ही निघालो. शेलूबाजारवरून जायचं ठरलं होतं, कारण सरांना पाइपवाल्याला पाइप दाखवायचे होते. त्याने पाइप पाहिले, हाराचंही कौतुक केलं. "वहिनी, दुकानातला वाटते," म्हणाला. मला बरं वाटलं. तोवर गाडी एकदाही कुरकुरली नव्हती, सकाळचं ऊन अजून चढायचं होतं. पुढे मोठ्या रस्त्याला लागलो. ऊन डोक्यावर आलं. कुठून तरी शिजलेल्या फुलांचा वास येत होता. मी आपली समजले, शेतात कोणी धसकटं पेटवली असतील.

मग आवाज फुटका झाला. सरांची पाठ ताठ झालेली मला मागून दिसली. त्यांनी वेग कमी केला, वाढवला, पुन्हा कमी केला. गाडीने दोन गचके दिले आणि ती एका तुरीच्या शेताजवळ थांबली. जवळ कडुलिंबसुद्धा नव्हता.

सर खाली उतरले. पाइप पाहिले, तेल पाहिलं, पुन्हा पाइप पाहिले. थेंब टाकला, तो पडायच्या आधीच उडाला. त्यांनी उस्तादांना फोन केला. उस्ताद त्यांच्या मोपेडवर येईपर्यंत तासभर गेला. त्या तासात सर मैलाच्या दगडावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर पाहू लागले. ती बसायची तऱ्हा मला ओळखीची होती. बैठकीतली खुर्ची त्यांनी जणू बरोबर आणली होती.

उस्तादांनी गाडी सुरू करून थोडा वेळ चालू ठेवली, मग कानाला स्क्रू ड्रायव्हर लावला. पाइपांना हात लावून पाहिला. "तेल फिरून राह्यलं, सर. दोन्ही पाइप सारखेच गरम हायेत." मग ते समोर आले, वाकले, आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने माझा हार जरासा वर उचलला. आत पाहिलं. आणि तितक्याच हळू तो परत होता तसा ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "हार लय जाड हाय."

एवढंच. रुमालाने हात पुसत ते मोपेडकडे गेले आणि उगाचच डिकीत काहीतरी शोधू लागले.

मला कळलं. वारा आरपार गेला पाहिजे. पोतं बांधलं की वारा बंद. मी पोतं नव्हतं बांधलं, मी त्याहून घट्ट, मापाचं, चारही कोपऱ्यांना दोरा बांधून काहीतरी बांधलं होतं. झेंडूचा काढा झाला होता आणि त्याचाच वास मी शेलूबाजारपासून घेत आले होते. तीस वर्षं उष्णता शिकवलेला माणूस शेजारी होता, पन्नास वर्षं इंजिनं उघडलेला माणूस समोर होता, आणि पूजेच्या हारापुढे दोघांचंही काही चाललं नव्हतं. एकाला तो दिसलाच नाही आणि दुसऱ्याला दिसून बोलता येईना.

तेवढ्यात सर दगडावरूनच म्हणाले, "उस्ताद, राहू द्या. हिचं बरोबर होतं. गाडी बुढी झाली. कामरगावले जीपमागं बांधून नेऊ, अन् देऊन टाकू त्याले."

आवाज कसा होता सांगू? लाइट गेली, म्हणायचे तसा.

मी फक्त गप्प बसायचं होतं. बस. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्याला भाव आला होता. स्कूटर माझी होती. उस्ताद कधीच बोलले नसते, त्यांनी ते माझ्यावर सोडलं होतं. पण दीड वर्ष मी मशीन थांबवून ज्या श्वासाला कान दिला, तो श्वास पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार होता, आणि मला पुन्हा दुपारभर कान द्यावा लागणार होता. नको मला ती स्कूटर. मला खूप राग आला, हाराचा, स्वतःचा, आणि मुख्य म्हणजे सरांच्या शहाणपणाचा.

"अवो," मी म्हणाले, "गाडी बुढी नाई झाली. मी बांधलं हाय तिचं नाक."

पर्समध्ये माझी लहान कात्री असतेच. मी चारही कोपऱ्यांचे दोरे कापले. हार हातात आला तो गरम आणि ओलसर, खालून काळा पडलेला. जाळीत पाकळ्या अडकल्या होत्या, कुंकवाचा लगदा आणि अक्षता. भात शिजला नव्हता एवढंच.

उस्ताद लगबगीने परत आले. "तेच म्हनून राह्यलो होतो मी," ते म्हणाले. ते काहीच म्हणाले नव्हते. "पन पूजेचा हार, वहिनी. तुमी बांधलेला. मी कसा हात लावू?"

सर उठले. जाळीजवळ आले, चष्मा वर सरकवला, वाकले. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाले आणि माझ्याकडे वळले, आणि शेजारच्या शेतात सोयाबीन गोळा करणाऱ्या बायासुद्धा वळल्या, असा आवाज निघाला.

"वारा कोठून जाईन त्याच्यातून? आं? कोठून जाईन? मी तुले चित्र काढून दाखोलं होतं! निळे बान कायले काढले होते मी?"

"माह्या वहीत काढले होते," मी म्हटलं. "अन् तुमाले दिसलं नाई का मंग? तुमीच तर म्हनले, मस्त झाला."

"मी हाराले म्हनलो!"

मी ब्लाउजला टोचून ठेवलेली सुई काढली, रस्त्याच्या कडेला बसले आणि जाळीतून एकेक तांदूळ, एकेक पाकळी उकरायला लागले. सर डोक्यावर उभे राहून ओरडत होते. डावीकडची पात वाकवू नको. उलटी सुई धर. तीन सुया मोडल्या तेव्हा कुठं सरळ झाल्या त्या. अक्षता टाकायच्या असतात तर इंजिनात टाकायच्या होत्या, पुलाव झाला असता. उस्ताद तोंड फिरवून हसत होते. मी मान खाली घालून उकरत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सरांना वाटलं, रागावल्यामुळे. त्यामुळे ते आणखी रागावले.

हार मी तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवला आणि हात जोडले. इंजिन निवल्यावर आम्ही निघालो. अंगावर तेच ऊन, पाठीला तीच मी. गाडी कारंज्यापर्यंत गेली, कारंज्याच्या पुढे गेली. उस्ताद मागून मोपेडवर बरंच अंतर आले, मग त्यांनी हात हलवला आणि वळले. गाडीचा आवाज एकसारखा होता. सरांचाही. वाऱ्यावर त्यांचे शब्द मागे येत होते: अभिसरण, वहन, अडथळा, सातवीच्या पोरालाही कळते. सातवीच्या वर्गाला जे तीस वर्षं मिळालं, ते मला त्या दिवशी सगळं एकदम मिळालं. मी हूं हूं करत ऐकत होते.

कामरगावला बहिणीच्या दारात गाडी थांबली. डवरेवाला गल्लीच्या तोंडाशी उभाच होता, बहिणीने त्याला अट सांगून ठेवलेली असणार. तो गाडीभोवती फिरला. जाळीकडे वाकून पाहिलं, इंजिनाजवळ हात नेला.

"सर, वाटेत थांबली का कोठी?"

सर एका वाक्याच्या मध्ये होते. ते तिथेच गप्प झाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, विज्ञानवाल्यांना नसते. ते माझ्याकडे पाहू लागले. तसं पाहणं मी त्यांचं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"नाई," मी डवरेवाल्याला म्हटलं. "न थांबता आलो."

तो खांदे उडवून निघून गेला. सर तसेच माझ्याकडे पाहत होते. मी पिशवीतून आपट्याची पानं काढली आणि बहिणीच्या दाराकडे चालू लागले. मागून सरांनी घसा खाकरला आणि राहिलेलं रागावणं पुन्हा सुरू केलं.